सोळा पानांचा मांडव

सहाणेवर हळकुंड उगाळले की आधी ओल्या दगडाचा वास येतो, मग कडवट, औषधी, आणि सर्वांत शेवटी तो उबदार वास, जो लग्नघरातून परतल्यावरही चार दिवस केसांत राहतो. माझ्या आठवणीत या वासाला एक विजोड सोबत आहे: तापलेल्या संगणकाची हवा. धूळ बसलेल्या पंख्यातून येणारी, किंचित जळकट. हे दोन वास एका खोलीत, शुक्रवारच्या दुपारी, एका अख्ख्या हिवाळ्यात आणि अर्ध्या उन्हाळ्यात एकमेकांत मिसळत राहिले. आजही त्यांतला एक आला की दुसरा मागोमाग येतो.

शुक्रवारच, कारण शुक्रवारी माग बंद असतात. आमच्या घराची मागची भिंत आणि यंत्रमागांच्या शेडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट आहे. माझ्या टेबलापाशी खिडकी आहे आणि खिडकीत ती दुसरी भिंत. आठवड्याचे सहा दिवस टेबलाला एक बारीक कंप असे. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठत, आणि पडद्यावर लुकलुकणारी ती उभी रेघ मला थरथरल्यासारखी दिसे. कळफलकाच्या फटींत कापसाची तूस जमे. मी ती जुन्या टूथब्रशने काढी आणि ती पुन्हा जमे. शुक्रवारी मात्र सगळे थांबे. शेजारच्या कारागिरांच्या खोलीतल्या कुकरची शिटीसुद्धा अंगावर आल्यासारखी वाटे. त्या शांततेत माझ्या सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसत, सहाण पुढे ओढत, आणि गात.

सासूबाई धवलारीण होत्या. आमच्याकडच्या लग्नात भटजी येतात ते मुहूर्तापुरते. त्याआधीचे आणि नंतरचे सगळे लग्न धवलारीण लावते. देवांना आवतण देण्यापासून ते नवरी गाडीत बसेपर्यंत प्रत्येक विधीचे एक गाणे असते, धवला, आणि तो म्हटल्याशिवाय त्या विधीला कुणी हात लावत नाही. ती एक ओळ म्हणते, भोवतीच्या बायका ती झेलतात. हळद वाटीत तयार असली तरी धवला उठेपर्यंत ती नवरीच्या गालाला लागत नाही. कुणाकडे लग्न ठरले की आमच्या उंबऱ्यावर एक सुपारी ठेवली जाई. निरोप नाही, विनंती नाही, नुसती सुपारी. ती परत करता येत नाही.

या कामाचे नियम मी सून म्हणून आल्यावर हळूहळू शिकले. धवले मोजू नयेत. मोजले की आटतात. मांडवात धवला मध्येच तुटला तर त्याच तोंडाने तो जोडू नये. दुसऱ्या बाईने उचलावा. आणि ज्या बाईने भर मांडवात एकदा धवला उचलला, तिने तो पुन्हा खाली ठेवायचा नाही. पुढची सुपारी तिच्या दारात येते, आणि मग येतच राहते. सासूबाईंनी स्वतः असाच एक तुटलेला धवला उचलला होता, त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हापासून मार्गशीर्ष ते ज्येष्ठ त्या स्वतःच्या नव्हत्याच.

मग त्यांचा आवाज बसू लागला. आधी वरच्या पट्टीत एक खरखर, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी. मग ओळीच्या शेवटी नुसती हवा. ठाण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले आणि गाठी आहेत असे सांगितले. बोलणे कमी करा, गाणे बंद करा. घरी परतताना रिक्षा केली. नाक्यावर उतरताना त्यांनी माझा हात धरला, आणि उतरून झाल्यावरही सोडला नाही. त्या धरण्याचा अर्थ मला तेव्हाच समजला होता.

मी मराठी घेऊन एम.ए. केले आहे. कविता लिहीत असे. मुक्तछंदात, लहान ओळींच्या, ज्यांत दोन शब्दांमधल्या पांढऱ्या जागेवर मी संपूर्ण दुपार घालवी. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतही होते. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा शिकवणे सुटले, आणि ते गेल्यानंतरही सुटलेलेच राहिले. रिक्षातल्या त्या दिवसानंतर पंधरवड्याने महाविद्यालयातून फोन आला: जूनपासून तास आहेत, मेअखेर कळवा. फोन ठेवून मी खिडकीकडे पाहिले. खिडकीतली भिंत तिथेच होती, पण तिच्या वरच्या कडेला मला पहिल्यांदाच आकाशाची एक पट्टी दिसली. ती आधीही असणारच.

त्याच दिवशी दुपारी मी सासूबाईंना सांगितले.

"मंग दारात सुपारी आली तं कोन जाईल?" त्यांनी विचारले.

"मी सगळे धवले लिहून काढते, आई. छापून घेऊ. छोटी पुस्तिका. ती हातात धरून कुणालाही म्हणता येईल."

"कागूद म्हनतो काय कदी?"

"ताई म्हणतील. कागद बघून."

ताई म्हणजे माझी नणंद. खारबावला दिलेली, दहावी शिकलेली, गोदामात पॅकिंगच्या ड्युटीला जाणारी, आणि मांडवात पुढे बसायची हौस असलेली. ती त्या वेळी आमच्याकडेच आलेली होती. "मना चाल येते, आय," ती म्हणाली. "सबूद न्हाय येत. वयनीनं सबूद दिला तं मी म्हनीन. आन् माजा आवाज तुज्यापरीस ग्वाड हाय."

"ग्वाड हाय. पन दम शेलीचा हाय." सासूबाईंनी लेकीकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे. "बरा. लिव. पन समदा लिव. आर्दा देव घरात न् आर्दा दारात, असा नको. समदा लिवलास का तू मोकली. जा तुज्या कालेजात."

असा करार झाला. सगळे धवले कागदावर उतरले की मी सुटले. त्या रात्री नवऱ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "चांगलं झालं, तुला घरबसल्या छंद मिळाला." मी कूस बदलली. घरबसल्या हा शब्द किती वेळ कानात राहिला, सांगता येत नाही.

पहिली अडचण पहिल्याच शुक्रवारी आली. लग्नावाचून धवला गायचा नाही, हाही नियमच. म्हणून सासूबाई चालीशिवाय नुसते शब्द सांगू लागल्या, आणि तिसऱ्या ओळीवर अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिसऱ्यावर अडकल्या. शब्द चालीला बांधलेले होते. चाल काढून घेतली की ते मणी घरंगळल्यासारखे कुठेतरी जात. त्या चिडल्या, मीही चिडले. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली आणि तोंडावर एक लबाड हसू आले.

"सानेचा लगीन लावू."

"सहाणेचं? कुणाशी?"

"वरवंट्याशी. मिक्सर आल्यापासना बेकार बसलाय. बेकार का व्हईना, नवरा घरचा हाय."

आम्ही खरोखरच लग्न लावले. सहाण धुऊन पुसून पाटावर बसवली, हळकुंड तिच्याच अंगावर उगाळून तिलाच लावले. वरवंट्याला मुंडावळ्या म्हणून माझ्या जुन्या केसांच्या फिती बांधल्या. आणि सासूबाईंनी डोळे मिटून, डॉक्टरांनी बंद केलेल्या आवाजात, देवांचे आवतण उचलले. मी ध्वनिमुद्रण सुरू करून भ्रमणध्वनी त्यांच्या गुडघ्यापाशी ठेवला. त्या दुपारी त्या एकदाही अडकल्या नाहीत. पुढे दर शुक्रवारी त्या दोघांचे लग्न होई. नणंद आली की विचारी, "काय वयनी, नवरीला दिवस गेलं का न्हाय अजून?"

शनिवार ते गुरुवार मी ऐकलेले उतरवून काढी. वर्डमध्ये एक नवे पान उघडले, आडवे केले, मधोमध दुमडल्यावर जेवढे होईल तेवढे माप ठरवले. चारी बाजूंना समास. अक्षर मोठे ठेवले, कारण मांडवात उजेड कसा असेल ते सांगता येत नाही, आणि चष्मा घरी विसरणाऱ्या बायका पुष्कळ. आणि तिथे, त्या अर्ध्या पानाच्या चौकटीत, मी अडकले.

धवल्याची ओळ श्वास संपेपर्यंत जाते. पुस्तिकेचे पान तिला तेवढे जाऊ देत नाही. उजव्या समासाला ओळ धडकते आणि यंत्र तिला जिथे जागा संपली तिथे मोडते. शब्दाच्या मागे शब्द खाली ढकलला जातो. कवितेची ओळ कुठे मोडावी याच्यावर मी विद्यार्थ्यांपुढे तासन् तास बोलले होते. इथे एक यंत्र ती निर्विकारपणे मोडत होते आणि माझ्या दातांत कळ येत होती. अक्षर लहान केले तर वाचता येईना. समास कमी केला तर टाचणीच्या बाजूला शब्द दुमडीत जाऊ लागले. शेवटी मी ठरवले की प्रत्येक ओळ मी स्वतःच्या हाताने मोडीन, आणि मोडीन ती तिथेच, जिथे गाणाऱ्या बाईने चोरून थोडा श्वास घेतलेला चालतो.

पण ती जागा कुठली, हे मला ठाऊक नव्हते. सासूबाईंना अक्षर येत नव्हते. म्हणून मी दर शुक्रवारी छापलेले कच्चे पान घेऊन त्यांच्यापुढे बसे आणि मोठ्याने वाचून दाखवी, ओळीच्या शेवटी थांबत.

"तिथं दम नको सोरू."

मी ती मोडलेली ओळ जोडून पुढे मोडी.

"तिथं बी नको. तिथं आय पोरीचा तोंड बगते. तिथं थांबलीस तं आय रडंल."

मी आणखी पुढे मोडी.

"आता बरा. आता घे, पन नाकानं."

अशी एक एक ओळ. चुकले की त्या माझ्या बरगडीवर दोन बोटे दाबत, इथून येऊ दे म्हणून. मी वाचतेच आहे, गात नाही, असे मी त्यांना आणि स्वतःला सांगत असे. पण वाचताना आवाज थोडा हेलकावे, आणि त्या काही बोलत नसत. त्यांचा आवाज जसजसा कमी होत गेला तसतसे त्यांचे सांगणे नुसत्या बोटांवर आले. बोट वर: ओढ. बोट खाली: सोड. मार्चपर्यंत मला पडद्यावर ओळ दिसायच्या आधी तिचा श्वास दिसू लागला होता. टंकलेखन भराभर होऊ लागले म्हणून मी खूश होते. प्रत्येक पुरे झालेले पान मला बाहेर जाण्याच्या पायरीसारखे वाटे. मी ती चढते आहे की उतरते आहे, याचा विचार करायला मला सवड नव्हती.

पृष्ठक्रमांक घालायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी विचारले, "हे बारीक बारीक काय खाली?"

"आकडे. एक, दोन, तीन."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "मोजलास?"

मी क्रमांक काढून टाकले. वाद घालता आला असता. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरी भीती होती, आणि मला काय, आकडे असले काय नि नसले काय. पाने एकमेकांत अडकवून टाचली की क्रम आपोआपच राहणार होता.

धवले पंधरा पानांत बसले. दुमडून टाचायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, त्यामुळे सोळावे पान कोरे राहिले. एका गुरुवारी माग चालू असताना, टेबल थरथरत असताना, मी त्या कोऱ्या पानावर माझ्या चार ओळी लिहिल्या. बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या पहिल्या ओळी. त्या दिवसभर तशाच ठेवल्या. संध्याकाळी वाचून पाहिल्या तर त्या कुठेच श्वास घेत नव्हत्या. मी त्या पुसल्या आणि पान पांढरे ठेवले.

मग जुळणी. दुमडलेल्या कागदावर पाने ओळीने येत नाहीत. पहिल्याच्या शेजारी शेवटचे बसते, दुसऱ्याच्या शेजारी शेवटून दुसरे. मी चार कागद एकमेकांत दुमडले, पेन्सिलने प्रत्येक कोपऱ्यात बारीक आकडा घातला, उलगडले, आणि उलगडल्यावर जो चमत्कारिक क्रम दिसला तो संगणकात उतरवला: आधी सोळावे कोरे, मग पहिले, दुसरे, मग एकदम पंधरावे, चौदावे, मग तिसरे, चौथे, तेरावे. देवांच्या आवतणाला लागून पाठवणी, पाठवणीला लागून हळद. पडद्यावर ते एखाद्या भ्रमिष्ट लग्नासारखे दिसत होते. पण छापून दुमडले की सगळे आपापल्या जागी येणार होते. हे काम यंत्र स्वतःच करू शकते, हे मला ठाऊक नव्हते. मी ते हातांनी केले आणि मला त्याचा अभिमान वाटला.

नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पेनड्राइव्ह घेऊन गेले ती वैशाखातली सकाळ होती. दोन दिवसांनी खारबावला नणंदेच्या दिराच्या मुलीचे लग्न होते आणि तिथे नणंद पहिल्यांदा पुस्तिका हातात घेऊन म्हणणार होती. दुकानदार तीन यंत्रांमध्ये एकटा फिरत होता. शेजारी कुणाचे तरी आधारकार्ड छापले जात होते.

"मॅडम, बुकलेट बनाना है ना?"

"हो, पुस्तिकाच आहे."

"फिर टेन्शन मत लो. सेटिंग मार देता हूँ. कव्हर पीला चलेगा? हल्दी का काम है बोलते हो, तो पीलाच मस्त दिखेगा."

मी हो म्हटले. दोन्हींना.

संध्याकाळी गठ्ठा घरी आला. पिवळे पुठ्ठे, मधोमध दोन टाचण्या, आणि शाईचा तो कोरडा, गरम वास. मी एक प्रत उघडली. पुठ्ठ्यामागे एक कोरे पान. पुस्तकात असते तसे; दुकानदाराने आपल्या मनाने दिलेले दिसते, मला वाटले, आणि बरे वाटले. मग आवतण. समोर आवतणाचा उरलेला भाग आणि खाली हळदीची पहिली ओळ. अक्षर स्वच्छ होते, ओळी माझ्या हातांनी मोडल्या तिथेच मोडल्या होत्या. मी पुस्तिका मिटली आणि छातीशी धरली. कोरे पान मी शेवटी ठेवले होते, पहिले नव्हे, ही साधी गोष्ट माझ्या मनात आली नाही. सुटकेची घाई झालेल्या माणसाला दार उघडे दिसले की तो उंबरा पाहत नाही. त्याच क्षणी मी महाविद्यालयाला कळवले: जूनपासून रुजू होते.

सासूबाईंनी प्रत हातात घेतली, नाकाशी नेली. "हलदीचा वास न्हाय हिला," त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज म्हणजे आवाजाची फक्त कड उरली होती.

खारबावला मांडवात सकाळीच गर्दी होती. बाजूला डीजेची खोकी रचलेली, त्यांच्यावर एक माणूस झोपलेला. नणंद हिरव्या साडीत, नाकात नथ, हातात पिवळी पुस्तिका. पाच सवाष्णींच्या हातांतही एकेक प्रत दिली होती, झेलायला सोपे जावे म्हणून. नवरी पाटावर बसली. सासूबाई खुर्चीत, पदर गळ्याभोवती घट्ट. मी त्यांच्या मागे उभी होते, भिंतीला टेकून, पाहुण्यासारखी. मी खरोखरच स्वतःला पाहुणी समजत होते.

"वयनी, हे कोरा काय?" नणंदेने पहिले पान दाखवून विचारले.

"असतं तसं पुस्तकात," मी म्हटले.

तिने आवतण उचलले. आवाज गोड होता, तिचे म्हणणे खरे होते. बायकांनी झेलले. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, खाडीकडचा आला. डीजेवर झोपलेला माणूस उठून बसला. मला मांडवाच्या कापडातून झिरपलेला उजेड दिसत होता, सगळ्यांचे चेहरे पिवळसर, आणि मनात मी जूनमधल्या एका वर्गात शिरत होते. नणंद दुसऱ्या पानाच्या तळाशी आली.

"हलद दलिली, हलद घोटिली, नवरी बसली पाटावरी, तिच्या मायनी..."

तिने पान उलटले.

"...मागं वलून बगू नको गो, उंबरा झाला परका..."

बायकांनी झेलले. सवय अशी असते की कान नंतर ऐकतात. दुसरी ओळही झेलली गेली: गाडी सुटली, धूल उडाली. मग हळदीची वाटी धरलेली म्हातारी थांबली.

"अगो, अजून हलद न्हाय लागली न् पोरीला वाटंला लावलीस?"

कुणीतरी हसले. नवरीची आई हसली नाही. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, झाकल्यासारखा. नणंदेने पान उलटले, दोन पाने एकदम उलटली, मागे आली. सवाष्णी आपापल्या प्रती चाळू लागल्या; एकीच्या हाती न्हाणे लागले, दुसरीच्या हाती सासूची विहीण-भेट. क्रमांक नव्हते. कुणाला कुणाचे पान सांगता येईना. मी एकीची प्रत जवळजवळ हिसकावून घेतली. कोरे, पहिले, दुसरे, पंधरावे, चौदावे, तिसरे. तो माझाच क्रम होता, माझ्या पेन्सिलीचा. जे मी हातांनी उलटेपालटे केले होते, तोच वाचायचा क्रम समजून दुकानातल्या यंत्राने पुस्तिका मांडली होती.

हळदीचे पान मला सापडले. मी नणंदेपुढे धरले, ओळीखाली बोट ठेवले. तिने माझा हात बाजूला सारला. नथीतला मोती थरथरत होता.

"माज्या तोंडानं तुटला, वयनी," ती म्हणाली. "माज्या तोंडानं न्हाय जुरायचा आता."

तो नियम मला ठाऊक होता. सगळ्यांना ठाऊक होता. मी सवाष्णींकडे पाहिले. एकीने पदर सारखा केला, एकीने मुलाचे नाक पुसले. वाटी धरलेली म्हातारीसुद्धा खाली, हळदीकडे पाहू लागली. त्यांतल्या चौघींना तरी चाल येत होती. पण उचलला तर खाली ठेवता येत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. वाटीच्या कडेला हळद सुकून फिकी होत चालली होती. नवरीने मान वर करून एकेकीच्या तोंडाकडे पाहिले. उघड्या गालांनी, वाट पाहत.

माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे मी पाहत नव्हते. मला पाहावे लागत नव्हते. तिच्या मायनी, इथे श्वास नाही, लावली पयली हलद, इथेही नाही, इथे आई पोरीचे तोंड बघते. मग पुढे, आणि मग घ्यायचा, पण नाकाने. ती ओळ माझ्या बरगड्यांत, दोन बोटांच्या खुणेपाशी, आधीच भरून उभी होती. मी ओठ घट्ट मिटले.

सासूबाईंनी खुर्चीतून मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना विजय. त्यांनी वाटी मागून घेतली, दोन बोटे हळदीत बुडवली, माझा हात ओढून तळव्यावर ती ओली, गार बोटे दाबली, आणि उरलेल्या सगळ्या आवाजाने म्हणाल्या,

"म्हन."